दुसरा भाग बाहेर गेलाय

वाचनालय चालवणाऱ्या बाईला दिवसातून वीस वेळा एकच प्रश्न ऐकावा लागतो: "हे कसं आहे हो?" विचारणारा पुस्तक उलटंसुलटं करत असतो, एक डोळा घड्याळावर असतो, आणि त्याला एका वाक्यात निकाल हवा असतो. तो मी द्यायची. "सुरुवात जरा संथ आहे, पण पन्नास पानांनंतर खाली ठेववत नाही." हे वाक्य मी किती पुस्तकांना चिकटवलं, देव जाणे. बेंगळूरला जयनगरच्या बाजारामागच्या गल्लीत मी सव्वीस वर्षं वाचनालय चालवलं, आणि एवढ्या वर्षांत "मी हे वाचलेलं नाही" असं गिऱ्हाइकासमोर एकदाही म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर दुकानातल्या हजारो पुस्तकांपैकी मी अथपासून इतिपर्यंत वाचलेली पुस्तकं दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील. वेळच नसायचा. पण धंद्यातल्या माणसाला वाचायची गरजही नसते. पहिली पाच पानं, मागचं कव्हर, आणि पुस्तक परत करणाऱ्याचा चेहरा, एवढ्यावर भागतं. शेवट आवडलेला माणूस पुस्तक टेबलावर ठेवून दोन मिनिटं घुटमळतो. न आवडलेला लगेच दुसऱ्या कपाटाकडे वळतो. या विद्येचा मला भारी अभिमान होता, आणि तो सगळाच खोटा होता असं आजही म्हणवत नाही. कुणाला काय द्यावं, हे मला कळायचं.

आमचे आजोबा चिकपेटेत कापडाच्या पेढीवर कारकून म्हणून आले, तेव्हापासून आम्ही इथले. घरात मराठी, दारात कन्नड. आमच्या मराठीत 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे कन्नड शब्द इतके मुरलेत की पुण्याचे पाहुणे तोंडावर पदर धरून हसतात. गल्लीत मी सगळ्यांची कुंदाक्का. नव्वद सालानंतरची ती वर्षं म्हणजे आमच्या धंद्याचा भरभराटीचा काळ. दर दोन-चार रस्त्यांआड एक तरी भाड्याने पुस्तकं देणारं दुकान असायचं. माझ्याकडे तीन भिंतींना इंग्रजी कादंबऱ्या, एका भिंतीला कन्नड, आणि विजेच्या मीटरखाली मराठीचं एकच कपाट.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक निवृत्त प्राध्यापक प्रत्येक पुस्तकाच्या एक्केचाळिसाव्या पानावर पेन्सिलीने बारीक चांदणी काढायचे, म्हणजे आपण हे वाचलंय हे पुढच्या वेळी कळावं. पुढे त्यांची स्मरणशक्ती गेली आणि चांदणी बघूनही ते पुस्तक न्यायला लागले. मी काही बोलायची नाही. एक बाई आधी शेवटचं पान वाचायच्या, आणि शेवट गोड असेल तरच पुस्तक न्यायच्या. "घरात रडायला पुष्कळ आहे अक्का, वर तुझं कशाला?" असं त्या कन्नडमध्ये म्हणायच्या. मी त्यांना हसायची.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जाडजूड पुस्तक आलं की आम्ही ते कापायचो. ऐकून वाचनप्रेमी मंडळी कानांवर हात ठेवतात, पण सहाशे पानांचं एक पुस्तक एका माणसाकडे महिनाभर अडकून पडण्यापेक्षा त्याचे दोन भाग केले तर दोघं वाचतात, आणि कागदी कव्हरचं पुस्तक मधोमध फाटायचं तेही टळतं. चिकपेटच्या एका बोळात आमचा बाइंडर बसायचा. त्याला गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं. तो जाडीचा मध्य बोटांनी चाचपायचा, सुरी घालायचा आणि दोन्ही तुकड्यांना पुठ्ठा चढवायचा. त्यामुळे पहिला भाग कुठंही संपायचा. प्रकरणाच्या मध्ये, कधी वाक्याच्या मध्ये. म्हणून आमचा एक नियम होता: दुसरा भाग फक्त पहिला भाग परत आणणाऱ्यालाच द्यायचा. बाकी कुणी कितीही गोड बोललं तरी नाही. हा नियम मी एकदा मोडला.

निर्मलाबाई वानखडे माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या मराठी पुस्तकांसाठी. दारव्ह्याच्या, म्हणजे यवतमाळकडच्या. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनियर, मूलबाळ नाही. वय पन्नाशीच्या अलीकडे. माझ्या दुकानापासून दोन रस्ते पलीकडे राहायच्या. मीटरखालचं कपाट त्यांनी दीड वर्षात खालून वर आणि वरून खाली वाचून काढलं. मग काही दिवस त्या मुलांच्या इंग्रजी पुस्तकांपाशी उगीच रेंगाळायच्या. विचारलं तर म्हणायच्या, शेजारच्या पोरांसाठी बघते. ताकाला जाऊन भांडं लपवायची तऱ्हा मी ओळखते. एक दिवस मीच एक जाड पुस्तक काढून त्यांच्या पिशवीत घातलं. कव्हरवर हातात मडकं धरलेली, अनवाणी मुलगी होती. पहिली पाच पानं मी चाळली होती, इंग्रजी सोपं होतं. बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली जादूची गोष्ट.

"मले झेपन का हे?" त्या म्हणाल्या.

"सुरुवात जरा संथ आहे," मी म्हटलं, "पण पुढे खाली ठेववत नाही."

एरवी पंधरा दिवसांची मुदत असायची. निर्मलाबाईंना मी मुदत घातलीच नाही. त्या शब्दकोश घेऊन बसायच्या आणि दिवसाला दोन पानं वाचायच्या. दर गुरुवारी भाजी घेऊन परतताना दुकानात यायच्या, पिशवी पायाशी ठेवून स्टुलावर बसायच्या, आणि आठवड्याभरात वाचलेली गोष्ट मला सांगायच्या. मला म्हणजे, जिने ती वाचलेली आहे असं त्या धरून चालल्या होत्या तिला. त्यांना ताडून बघायचं असायचं, आपल्याला बरोबर कळलं ना.

"मायबाई, काय सांगू तुमाले, ह्या आठवड्यात पोट्टीनं कमालच केली."

पोट्टी म्हणजे गोष्टीतली मुलगी. डोंगरातलं एक गाव, भोवती दगडी कोट. गावातल्या सगळ्या चुली एकाच जुन्या विस्तवातून पेटवलेल्या. ही मुलगी मिठाच्या गाडीत सापडलेली, आईबाप ठाऊक नाहीत, आणि तिच्या हाताने चूल पेटत नाही. म्हणून गाव तिला बाहेरची म्हणतं. एका हिवाळ्यात गावातला विस्तव विझतो. दोष हिच्यावर येतो. पहाडापलीकडून नवा विस्तव आणलास तर कोटाचं दार उघडू, असं सांगून तिला बाहेर काढतात. वाटेत तिला एक होडीवाली भेटते. बोलायला जरा फटकळ, पण रोज तिच्यासाठी एक वाटी जास्त शिजवते. आणि एक बोलणारा बगळा भेटतो, तो कायम खोटं बोलतो.

या बगळ्यावर निर्मलाबाईंचा भारी राग आणि भारी जीव. "त्यानं पोट्टीले सांगतलं का नदी उथळ हाय म्हणून. हे बुडत होती ना."

"मग ही त्याचं ऐकते कशाला?"

"ऐकन नाही तं काय करन? दुसरं बोलाले कोणी हाय का तिच्यासंगं?" आणि मग म्हणाल्या, "मीबी एकोणीस वर्सं झाले इथं. बाहेरचीच ना मी."

बेंगळूरबद्दलची त्यांची गाऱ्हाणी मला पाठ होती. इथं उन्हाळाच पडत नाही. ज्वारी धड मिळत नाही. यजमान निवृत्त झाले की दुसऱ्या दिवशी दारव्हा. पण ही गाऱ्हाणी सांगता सांगता त्या मध्येच उठायच्या, कारण शेजारच्या सरोजम्मा चारला कॉफी घेऊन यायच्या. सरोजम्मांना मराठी येत नव्हतं, यांचं कन्नड 'ऊट आयता', म्हणजे जेवण झालं का, यापुढे फार गेलं नव्हतं. तरी दोघी रोज तासभर बोलायच्या, आपापल्या भाषेत, आणि भांडायच्यासुद्धा. हे सगळं मला दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र लागला नाही.

ते गुरुवार माझ्या सव्वीस वर्षांतले सगळ्यात चांगले गुरुवार. गिऱ्हाइकं तिष्ठत उभी राहायची आणि मी पुस्तकं बदलायची सोडून बगळ्याची नवी थाप ऐकत बसायची. एवढी मोठी बाई, स्वयंपाक उरकून, शब्दकोश मांडीवर घेऊन, लहान मुलांच्या गोष्टीत अशी रमलेली मी दुसरी पाहिली नाही.

याच सुमारास केदार नावाचा एक मुलगा यायला लागला. पुण्याचा, नवीनच सॉफ्टवेअरच्या नोकरीवर लागलेला, जयनगरात पेइंग गेस्ट म्हणून राहायचा. एकदा निर्मलाबाईंच्याच पुस्तकाचं नाव घेऊन तो म्हणाला, "काकू, याचा सेकंड पार्ट आहे का तुमच्याकडे? फर्स्ट हाफ मी पुण्यात फ्रेंडकडे वाचलाय, तो मुलगा बुक घेऊन यूएसला गेला. एंडिंग माहीतच नाहीये मला, सीरियसली."

मी नियम सांगितला. तो म्हणाला, "काकू, प्लीज ना." पुणेरी मराठी ऐकून मी तशीही विरघळायची. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की निर्मलाबाई तेव्हा चाळिसाव्या पानाच्या आसपास होत्या. या गतीने त्यांना दुसरा भाग लागेपर्यंत चार-पाच महिने जातील, आणि बहुधा लागणारच नाही, असं मी मनात धरलं होतं. रोज त्यांचं ऐकत होते, कौतुक करत होते, आणि ही बाई पुस्तक पुरं करेल यावर माझा विश्वास नव्हता. मी दुसरा भाग केदारला देऊन टाकला, मुदतीचाही आग्रह धरला नाही.

निर्मलाबाईंची गती वाढली. दोनाची पाच पानं झाली, पाचाची दहा. शब्दकोश घरी राहायला लागला. एका गुरुवारी त्यांनी पहिला भाग टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "झाला. आता दुसरा द्या."

"दुसरा भाग बाहेर गेलाय," मी म्हटलं. "येईल आठ दिवसांत."

त्यांनी शेवटचं पान उघडून दाखवलं. मुलीला पहाडापलीकडे विस्तव मिळाला आहे. तिने तो मडक्यात घेतला आहे. समोर दोन वाटा आहेत, एक गावाकडे जाणारी, एक नदीकडे. ती मडकं उचलते आणि वळते, आणि तिथंच बाइंडरची सुरी चालली होती.

"कोणीकडं वळली?" निर्मलाबाईंनी विचारलं. "तुमी तं वाचलं असंन."

"वाचलंय. पण सांगत नाही, मजा जाईल."

त्या हसल्या. त्यांना ते पटलं.

आठ दिवसांनी केदार आला नाही. पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरमालकिणीकडे गेले. कंपनीने त्याला घाईघाईने हैदराबादला पाठवलं होतं, सामानाची खोकी बांधून तो गेला होता. त्याच्या ऑफिसचा नंबर मिळवायला आणखी दिवस गेले. एसटीडी बूथवरून फोन लावला तर बिचारा फार ओशाळला. "सॉरी काकू, खोकी अजून उघडलीच नाहीत, रूमच मिळत नाहीये. सापडलं की लगेच पाठवतो." अव्हेन्यू रोडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मी तीन दुपारी हिंडले. त्या लेखकाची इतर दोन पुस्तकं मिळाली, हे नाही.

मध्ये काही गुरुवार निर्मलाबाई आल्याच नाहीत. मला वाटलं, रुसल्या. मग एका संध्याकाळी वानखडे साहेब स्कूटरवरून आले. अबोल, नेमका बोलणारा माणूस. दुकानात गिऱ्हाइक होतं, ते जाईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "कुंदाताई, निर्मलाला दवाखान्यातून घरी आणलंय. आता औषधाचं फारसं काम राहिलेलं नाही म्हणतात. काही महिने आहेत. तुमची आठवण काढते."

मी दुसऱ्या दिवशी गेले. खिडकीजवळ खाट टाकली होती. सरोजम्मा उशाशी बसून गंजी, म्हणजे तांदळाची पेज, भरवत होत्या आणि कन्नडमध्ये रागावत होत्या, की दोन घास जास्त खाल्लेस तर काय बिघडेल. निर्मलाबाई अर्ध्या झाल्या होत्या, पण डोळे तेच.

त्यांच्यापुढे एक प्रश्न होता, तो त्यांनीच सांगितला. दारव्ह्याहून दिराचं पत्र आलं होतं, वहिनींना इकडे आणा, आपल्या माणसांत राहू द्या. साहेब म्हणत होते, तू म्हणशील तसं. लांबचा प्रवास होता, रेल्वे आणि पुढे मोटार, आणि तो करायचा तर लवकर करायला हवा होता. "मले ठरवताच येत नाही," त्या म्हणाल्या. "सारा जन्म म्हटलं, जाईन जाईन. आता जा म्हणतात तं पाय निघत नाही. काहून असं होते?"

मी त्यांचं पांघरूण नीट केलं. सरोजम्मा भांडं घेऊन आत गेल्या.

"ते पुस्तक सांगा आता," त्या म्हणाल्या. "दुसरा भाग काही येत नाही. मजा गेली तं जाऊ द्या. पोट्टी कोणीकडं वळली?"

या जागी कुणीही शहाणी बाई म्हणाली असती, निर्मलाबाई, मी ते वाचलेलं नाही. चारच शब्द. पण इतके महिने त्या मला गोष्ट सांगत होत्या, मी मान डोलावत होते, "अगदी बरोबर कळलंय तुम्हाला" म्हणत होते. आता ते शब्द बाहेर काढायचे म्हणजे सगळे गुरुवार खोटे ठरवायचे. शिवाय मला वाटलं, आजारी माणसाला गोड काही तरी सांगावं. मी सांगायला लागले.

दहा मिनिटं सांगत होते. पोरगी गावाकडे वळली. वाटेत वादळ आलं, तिने पदराआड विस्तव जपला. कोटाचं दार उघडलं. सगळं गाव गोळा झालं. ज्या म्हातारीने तिला बाहेर काढलं होतं तिनेच पुढे होऊन तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हाताला धरून आत नेलं.

"भाकरतुकडा?" निर्मलाबाई म्हणाल्या. "इंग्रजीत?"

"तसलंच काही तरी त्यांचं," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं, हसता हसता खोकला आला. मी पाणी दिलं. दोन घोट पिऊन त्यांनी भांडं परत केलं.

"म्हंजे घेतलं तिले घरात."

"घेतलं की."

"मले नव्हतं वाटलं. मले वाटे, पोट्टी होडीवालीकडं जाईन."

"छे छे," मी म्हटलं. "होडीवालीकडे कशाला? गाव ते गाव."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. बाकी सगळं एक वेळ थाप म्हणून सोडून देता येईल. पण त्यांना शेवट आपणहून सुचला होता, आणि मी, ज्या बाईने ते पुस्तक पहिल्या पाच पानांपुढे उघडलंही नव्हतं, त्यांना तो चुकीचा आहे म्हणून सांगितलं.

तीन दिवसांनी साहेब तिकिटं काढायला जाताना दुकानाशी थांबले. "ठरलं एकदाचं. जायचं म्हणते. परवापासून एकच घोकते आहे, पोट्टीले घेतलं घरात, मलेबी घेतील. मला काही कळलं नाही, पण चला, तिचं मन लागलं." त्यांना हायसं वाटत होतं. मलाही वाटलं. निघताना सरोजम्मा रिक्षापर्यंत आल्या, आणि रिक्षा कोपऱ्यावर वळल्यावरही रस्त्यातच उभ्या राहिल्या.

ते गेल्यावर बारा दिवसांनी हैदराबादहून केदारचं पार्सल आलं. आत दुसरा भाग आणि माफीची चिठ्ठी. त्या दुपारी मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि कपाटाला टेकून, उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. पायाला रग लागली तेव्हा स्टुलावर बसले. संध्याकाळपर्यंत वाचून संपवलं.

मुलगी गावाकडेच वळते. इथपर्यंत माझं बरोबर होतं. ती कोटापाशी पोचते तर धुराड्यांतून धूर निघत असतो. कुणा व्यापाऱ्याकडून गावाने विस्तव कधीच आणलेला असतो. गावकरी वाईट वागत नाहीत. दार उघडतात, बरं झालं आलीस म्हणतात, दारातच ताट वाढतात. तिच्या निजायच्या जागेवर सरपण रचलेलं असतं. ती जेवते, ताट धुऊन ठेवते आणि परत निघते. नदीवर बगळा बसलेला असतो. तो म्हणतो, होडीवाली रोज तुझ्यासाठी एक वाटी जास्त शिजवते. सबंध पुस्तकात तो एवढं एकच खरं बोलतो. ती पलीकडे जाते, मडक्यातला विस्तव होडीवालीच्या चुलीत घालते, आणि तिच्या हाताने चूल पेटते.

 मग पुस्तक कागदात गुंडाळलं, वर दारव्ह्याचा पत्ता घातला. पत्ता माझ्याकडे होता. पोस्ट चार दुकानं सोडून होतं. पार्सल मी टाकलं नाही, कागद काढून पुस्तक खणात ठेवलं. स्वतःला सांगितलं, आता त्या तिकडे पोचल्यात, आपल्या माणसांत आहेत, आता हे धाडून काय साधणार? त्याच आठवड्यात त्यांचं कार्डही आलं. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं की सुखरूप पोचलो, सगळे भेटून गेले, जाऊबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला, तुमची आठवण झाली. ते कार्ड मी दहा वेळा वाचलं, आणि झालं ते ठीकच झालं असं ठरवून टाकलं. पण माझी थाप उघडी पडली असती, हे पार्सल न टाकण्याचं पहिलं कारण होतं. बाकीची मी नंतर शोधली.

दोन महिन्यांनी वानखडे साहेब एकटे परत आले.

आठवडाभराने दुकानात आले तेव्हा त्यांच्या हातात शब्दकोश होता. "हा तुमच्या वाचनालयाला असू द्या," म्हणाले. मी स्टूल पुढे केलं. तिथं गुरुवारी कोण बसायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी आपण होऊन सांगितलं. घरची माणसं वाईट नव्हती. सगळ्यांनी केलं. पण पेरणीचे दिवस, सकाळी सगळे शेतावर जायचे ते दिवस मावळता यायचे. माजघराच्या मागच्या खोलीत खाट होती. लहान मुलं दारातून डोकावून म्हणायची, बेंगलोरवाली काकू. "चार वाजले की दाराकडे बघत बसायची. कॉफीची वेळ, म्हणायची. शेवटचे पंधरा-वीस दिवस तर एकच. घरी कधी जायचं? मी म्हणायचो, अगं, घरीच आलोय आपण. तर म्हणायची, हे नाही, आपलं. जयनगरचं. पण तोवर तिला उठवून बसवता येत नव्हतं."

मग म्हणाले, "ते पुस्तक आलं का हो परत? तिचा दुसरा भाग राहिला. मी वाचावा म्हणतो."

मला खोटं बोलता आलं असतं. अजून बाहेरच आहे, एवढं म्हटलं की झालं असतं. पण मी खण उघडला आणि पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "साहेब, मी निर्मलाबाईंना सांगितला तो शेवट यात नाही. मी हे वाचलंच नव्हतं. त्यांना जे वाटत होतं तेच यात आहे. पोरगी होडीवालीकडे परत जाते."

 त्यांनी पुस्तक उघडलं, इंजिनियर माणसाने वस्तू हातात घेतल्यावर बघावी तसं पुढून आणि मागून पाहिलं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत आम्ही एक पट्टी चिकटवायचो. पुस्तक परत आलं की तिच्यावर तारखेचा शिक्का मारायचा. हैदराबादचं पार्सल फोडल्यावर, वाचायच्या आधी, इतक्या वर्षांच्या सवयीने मी तो मारला होता. साहेबांचं बोट त्या तारखेवर थांबलं. ते मनात दिवस मोजत होते, ते मला दिसत होतं.

"तेव्हा तिला परतीचा प्रवास झेपला असता," ते म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. मी हो म्हटलं. त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि ते न नेताच निघून गेले.